शॉर्ट झाल्यापासून पिकअप सुरू होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुनी डिझेल पिकअप आहे, मेकॅनिकल पंपाची. आम्ही देवगडकडचे. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडली, ती चासीला लागून शॉर्ट झाला, धूर निघाला, फ्यूज उडाला. वायर जोडून त्याच अँपिअरचा फ्यूज टाकलाय. आता स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. बॅटरी 12.6 व्होल्ट, डिझेलच्या लाइनमधली एअरही काढून झाली.

चावी ऑन केल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (करंट मिळाला की इंजिनाला डिझेल सोडणारा वॉल्व्ह) ‘टक’ आवाज येत नाही. बॅटरीवरून थेट वायर दिली की टक होतं आणि गाडी लगेच सुरू! म्हणजे सोलेनॉइड ठीक आहे, करंटच पोचत नाही. चार्जिंगचा दिवाही पेटत नाही, तेव्हा दोघांची लाइन एकच असावी.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, अख्खं वायरिंग बदला. मला नाही पटत. इथल्या खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतातच, आधी ते बघायला नकोत का? टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा दिवा) कुठून लावत जाऊ, इग्निशन स्विचपासून की फ्यूज बॉक्सच्या मागून? आणि तोवर फ्यूज घातलेल्या थेट वायरवर आंब्याच्या पेट्या पोचवल्या तर चालेल का? गाडी बंद करायला मात्र वायर ओढावी लागते.