एक नंबर जड लाइन घेण्याआधी

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे जड दोरीच्या (लाइनच्या) वजनावर हलकी कृत्रिम माशी फेकून मासे पकडताना, "रॉड कडक वाटतोय तर सरळ एक नंबर जड लाइन लावा" असा सल्ला दिला जातो. तो काही वेळा बरोबर ठरतो, पण आधी लाइनच्या खोक्यावर लिहिलेले ग्रेन (वजनाचं छोटं एकक) वाचा. लाइनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो; ठरलेल्या प्रमाणानुसार ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत. ६ नंबरचे १६० ग्रेन. फास्ट (कडक, मुख्यतः टोकाशी वाकणाऱ्या) रॉडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक लाइनी मुळातच अर्धा ते एक नंबर जड असतात. त्यावर आणखी एक नंबर चढवला की रॉड गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि लूप, म्हणजे फेकताना लाइनचा हवेत होणारा वळसा, फाकतो.

माझ्या मते खरा प्रश्न अंतराचा आहे. तुम्ही बहुतेक वेळा २०-२५ फुटांवरच टाकत असाल, तर रॉडला ते ३० फुटांचं वजन मिळतच नाही. तिथे जड लाइन किंवा आखूड हेडची (पुढच्या जाड भागाची) वेट फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या भागात असलेली लाइन, खरोखर कामाला येते. ४५ फूट लाइन हवेत खेळवणाऱ्याला मात्र त्याच रॉडवर एक नंबर हलकीही चालून जाते. मागे झाडी असल्यामुळे रोल कास्टच (लाइन मागे न उडवता पुढे टाकणे) करावा लागत असेल, तर मी डबल टेपरच, म्हणजे दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाणारी लाइनच सुचवेन.