फिल्टर लावला की डिश बंद, काढला की चित्र फुटतं : दोन बॉक्स जोडायचे कसे?

कर्वेनगरचा_मुलगा:
घर जुनं, दोन मजली. गच्चीत फ्री डिशची छत्री, तिला दोन आउटपुटचा एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा). एक वायर वरच्या खोलीत. दुसरी त्याच खोलीतल्या जंक्शन बॉक्समधून भिंतीतल्या पाइपने खाली हॉलमध्ये उतरते. दोन्हीकडे लिनक्सवर चालणारे बॉक्स आहेत आणि हॉलमधल्याला हार्ड डिस्क. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला जिना बंद. सह्याद्रीवरचे तिचे कार्यक्रम खाली रेकॉर्ड होतात, ते तिला वर बघता यावेत एवढंच हवंय. वायफाय स्लॅबमधून नीट जात नाही, मिनिटा-दोन मिनिटांनी चित्र अडकतं.

म्हणून मोकाचे दोन अडॅप्टर मागवले, म्हणजे टीव्हीच्या वायरीतूनच नेट. हॉलच्या वायरीला वर एक, खाली एक स्प्लिटर (एका वायरीला दोन फाटे फोडणारा जोड) लावला. अडॅप्टरसोबत आलेला फिल्टर छत्रीच्या बाजूला बसवला, तर हॉलमध्ये 'नो सिग्नल'. फिल्टर काढला तर चॅनेल येतात, पण वर रेकॉर्डिंग बघायला लावलं की खाली 11090 आणि 11170 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवरच्या चॅनेलचे चौकोन चौकोन होतात. 11630 मात्र स्वच्छ. दुसरा कुठला फिल्टर घेऊ?

छत्रीवाले_काका:
दुसरा फिल्टर शोधू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. एलएनबी 9750 वजा करून सिग्नल खाली पाठवतो. म्हणजे 11090 तुमच्या वायरीत 1340 मेगाहर्ट्झवर असतो, 11170 असतो 1420 वर आणि 11630 असतो 1880 वर. मोका चालतो 1125 ते 1675 मध्ये. पहिले दोन त्याच्या तावडीत सापडतात, तिसरा सुटतो. एकाच जागेवर बसलेल्या दोन सिग्नलना कुठलाही फिल्टर वेगळं करू शकत नाही.

आणि तो सोबतचा फिल्टर केबल टीव्हीसाठी असतो. 1002 पर्यंतचं जाऊ देतो, मोकाचा पट्टा अडवतो. डिशचा सिग्नल 950 ते 2150. म्हणजे तुम्ही छत्रीच्याच तोंडावर बूच बसवलंत.

अमेरिकेत डायरेक्टीव्ही या डिश कंपनीने आपले बॉक्स वायरीवरूनच जोडले, पण नेटवर्क डिशच्या पट्ट्याच्या खाली ठेवलं, साधारण 475 ते 625 मध्ये. तिथे फिल्टर लागतो तो काही जुन्या, नेटवर्क नसलेल्या बॉक्सच्या तोंडाशी, त्या सिग्नलने त्यांचा ट्यूनर गोंधळू नये म्हणून. तसे अडॅप्टर इथे सहज मिळत नाहीत.

तापकीर_गल्ली:
काकांचं बरोबर. शिवाय बॉक्स वायरीतूनच एलएनबीला 13/18 व्होल्ट वीज पाठवतो, ती तो फिल्टर वर जाऊ देईलच असं नाही. स्प्लिटरवरही बघा, 5-1000 मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल तर तो केबलवाल्यांचा. डिशला 2400 पर्यंतचा आणि पॉवर पास, म्हणजे ती वीज पुढे जाऊ देणाराच हवा.

दादा, डीटीएच यायच्या आधी घरात केबल होती का? ती वायर अजून भिंतीत असेल. डिशची वायर तिच्या कामाला सोडा आणि मोका त्या जुन्या वायरीवर टाका.

कर्वेनगरचा_मुलगा:
होती! हॉलमधल्या शोकेसच्या मागे आणि वर आईच्या कपाटामागे, दोन्ही टोकं सापडली. पण बाहेरून केबलवाल्याची लाइन अजून जोडलेली आहे. मग फिल्टर तिथे लावू?

छत्रीवाले_काका:
केबल बघत असाल तर हो, घरात शिरते तिथेच, तुमचं नेट शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून. तो फिल्टर त्याच जागेसाठी असतो. बघत नसाल तर लाइन सोडवून टाका, मग फिल्टरचं कामच नाही.

कर्वेनगरचा_मुलगा:
लाइन सोडवली. दोन्ही टोकांना नवे एफ कनेक्टर (टीव्हीच्या वायरीच्या पिना) दाबले, मधले स्प्लिटर काढून डिशची वायर पूर्वीसारखी सरळ केली. अडॅप्टरचे दिवे लगेच लागले. 11090 आणि 11170 दोन्ही स्वच्छ, वर रेकॉर्डिंग चालू असतानाही. आईने मंगळवारपासूनचे साठलेले सगळे भाग आज दुपारी पाहिले. काका, तापकीर गल्ली, मनापासून आभार.