साक्रामेंतापुढे शब्द कुठला : पूजा, उपासना की आराधना?

रंकाळाकाठ
शेजारच्या मावशी कॅथलिक. मूळच्या वसईच्या, नर्सच्या नोकरीसाठी कोल्हापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. रविवारी त्या "मिस्साला जाते" म्हणतात, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मात्र "आराधनेला". मी मराठी शिकवते, तरी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होते. परवा त्यांच्याबरोबर गेले. वेदीवर सूर्यकिरणांसारख्या कडा असलेलं सोनेरी पात्र, मधोमध काचेआड पांढरी गोल चकती, समोर माणसं गुडघ्यांवर. तासभर कुणी फारसं बोललं नाही. येताना मी म्हटलं, "मावशी, ही पूजाच की!" तर म्हणाल्या, "पूजा नव्हे गं, आराधना." फरक काय, हे त्यांना सांगता येईना आणि मला चैन पडेना. कुणी उलगडून सांगेल का?

उत्तरवसई
मावशींचं बरोबर आहे. मिस्सा हा विधी आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर मोडून 'हे माझे शरीर आहे' म्हटलं, त्याचंच स्मरण आणि बलिदान वेदीवर होतं आणि लोक ती भाकर ग्रहण करतात. मिस्सा संपल्यावर उरलेल्या भाकरीचं काय? (तुम्ही पाहिलेली पांढरी चकती म्हणजे हीच भाकर, तिलाच साक्रामेंत म्हणतात.) कॅथलिक श्रद्धा सांगते की ती पुन्हा साधी भाकर होत नाही. रंग, चव, वास गव्हाचाच राहतो, पण सत्त्व पालटलेलं असतं. तिथे ख्रिस्त खरोखर हजर असतो. तो तिथे आहे म्हणून त्याच्यापुढे जाऊन बसायचं, ही आराधना. मिस्सातूनच ती निघते, मिस्साची जागा घेत नाही.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हे ठामपणे मांडलं आणि देवाला द्यायचा तोच मान साक्रामेंताला द्यावा असंही सांगितलं. त्याच्या कितीतरी आधी, १२६४ मध्ये, पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी लावून दिला होता.

आता शब्द. ग्रीकमध्ये 'लात्रेया' फक्त देवाची, संतांना द्यायचा मान तो 'दुलिया'. ७८७ मध्ये निकाया इथल्या दुसऱ्या धर्मपरिषदेत पवित्र चित्रांचा वाद चालला होता, तिथे ही रेघ स्पष्ट ओढली गेली: चित्रांना वंदन चालेल, लात्रेया नाही. आमच्या घरात ती रेघ मराठीतही पाळतात. मारियामातेची 'भक्ती' करतो, 'आराधना' कधीच म्हणत नाही. आजीसुद्धा चुकत नसे.

'पूजा' का नको? पूजेत आपण काही वाहतो: फूल, हळदकुंकू, नैवेद्य. इथे धूप दाखवतात, शेवटी फादर ते पात्र उचलून क्रुसाची खूण करत आशीर्वाद देतात. पण मधला सगळा वेळ नुसतं समोर असणं एवढंच. 'प्रसाद' म्हणतानाही जपायला हवं. प्रसादात आपण दाखवलेला नैवेद्य आपल्याला परत मिळतो. इथे देणारा स्वतःलाच देतो अशी श्रद्धा आहे.

मिरजकर
थोडी भर घालतो. आमच्यात, म्हणजे प्रॉटेस्टंटांत, रविवारच्या सभेला 'उपासना' म्हणतात. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये आले, तेव्हापासून इकडे प्रॉटेस्टंट मंडळी जास्त, त्यामुळे इथल्या माणसाच्या कानाला 'उपासना' म्हणजे रविवारचं चर्च. भाकर आणि द्राक्षरस घेण्याला आम्ही 'प्रभुभोजन' म्हणतो. भाकरीपुढे गुडघे टेकणं आमच्या श्रद्धेत नाही. तरी मावशींच्या शब्दाला 'मूर्तिपूजा' म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. ते भाकरीला देव मानत नाहीत. ती आता भाकरच उरली नाही, असं मानतात. ह्यावर मतभेद जरूर असावा, पण समोरचा काय म्हणतोय ते नीट ऐकून.

रंकाळाकाठ
दोघांचे मनापासून आभार. आता व्याकरणाच्या बाजूने माझं एक म्हणणं. 'उपासना' म्हणजे उप अधिक आस्, जवळ बसणं. त्या शुक्रवारी मी जे पाहिलं त्याला ह्याहून नेमका शब्द मराठीत नाही! 'आराधना'त राध् धातू आहे, प्रसन्न करून घेण्याचा. म्हणजे व्युत्पत्ती एकीकडे आणि रूढी दुसरीकडे. पण 'उपासना' रविवारच्या सभेने घेतली असेल तर मावशींनी 'आराधना'च धरावी, कारण त्या शब्दाला त्यांच्या घरात वजन आहे.

उत्तरवसई
व्युत्पत्तीवरून आठवलं. २००५ मध्ये जर्मनीत कोलोनला तरुणांपुढे बोलताना पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ह्याच दोन बाजू सांगितल्या होत्या. 'प्रोस्किनेसिस' ह्या ग्रीक शब्दात लोटांगण आहे, लॅटिन 'आदोरात्सिओ'त तोंडाला तोंड, म्हणजे चुंबन, प्रेमाची जवळीक. आधी नमायचं, मग जवळ जायचं. तुमचं 'जवळ बसणं' ह्या दुसऱ्या अर्थाच्या अगदी शेजारी येतं.

रंकाळाकाठ
हे मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी येतेस का जवळ बसायला?"