सावजी मसाला दुबईला: तिघांत एक कंटेनर आणि एजन्सीची अट

बुटीबोरी_मसाले
आम्ही तिघे छोटे उत्पादक: भिवापुरी मिरची पावडर, सावजी मसाला आणि धने-हळद. एकट्याच्या मालाने २० फुटी कंटेनर भरत नाही. दुबईचा एक वितरक तिघांचाही माल घेतो म्हणतो, पण त्याला सगळ्या आखाती देशांची एकमेव एजन्सी ५ वर्षांसाठी हवी आहे आणि पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी देणार. आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) फक्त माझ्याकडे आहे. माल कोणाच्या नावाने पाठवावा? एजन्सी द्यावी का?

आयसीडी_नागपूर
तुमच्या एकट्याच्या नावाने पाठवायचा तर तुम्ही मर्चंट एक्सपोर्टर (दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणारा), बाकी दोघे तुमचे पुरवठादार. ते तुम्हाला ५ ऐवजी ०.१ टक्के जीएसटी लावून बिल देऊ शकतात. त्यासाठी तुमची मसाला बोर्डाकडे नोंदणी हवी, ऑर्डरची प्रत पुरवठादाराच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे गेलेली हवी आणि शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद) पुरवठादाराचा जीएसटी नंबर व बिल नंबर हवा. माल कारखान्यातून थेट आयसीडीत (बंदरापासून दूर, आतल्या भागातला कंटेनर डेपो) किंवा बंदरावर न्यायचा; एकत्र करायचा असेल तर नोंदणी असलेल्या गोदामातच.

खरी अडचण ९० दिवसांची. पुरवठादाराच्या बिलाच्या तारखेपासून तेवढ्या दिवसांत निर्यात झाली नाही, तर पूर्ण कर पुरवठादाराच्या माथी बसतो. उशीर तुमचा, भुर्दंड त्याचा. म्हणून भरपाई कोण देणार हे तिघांनी आधीच लिहून ठेवा, आणि बिलं कंटेनरचं बुकिंग पक्कं झाल्यावरच फाडा.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. आयईसीची फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. तिघांनी आपापली काढा, शिपिंग बिलं वेगळी करा, फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा) तिघांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरेल. एकाचा माल तपासणीत अडला तर तिघांचा अडतो, हा धोका मात्र राहतोच. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का (लाकडातून कीड जाऊ नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) आहे का, तेही पाहून घ्या.

धरमपेठ_करारनामे
भाऊ, आखात म्हणजे एक देश नव्हे. फक्त यूएई द्या, तेही एका वर्षासाठी, आणि बदल्यात किमान खरेदी लिहून घ्या, उदाहरणार्थ तिमाहीला एक कंटेनर. तेवढी उचल झाली नाही तर एकमेव हक्क आपोआप संपेल, असं कलम टाका. करार तिथल्या अर्थव्यवस्था मंत्रालयात (मिनिस्ट्री ऑफ इकॉनॉमी) एजन्सी म्हणून नोंदवला गेला, तर दुसऱ्याला दिलेला तुमचाच माल हा वितरक कस्टम्समध्ये अडवू शकतो. नोंदणी करणार नाही, हे लेखी घ्या.

ब्रँड स्वतःच्या नावावर नोंदवा, वितरकाला करू देऊ नका. यूएई २८ डिसेंबर २०२१ पासून माद्रिद पद्धतीत (एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची सोय) आहे. भारतातल्या ट्रेडमार्कच्या आधारे इथूनच अर्ज करता येतो.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या खेपेला ६० दिवसांची उधारी नको. ३० टक्के ॲडव्हान्स, उरलेले पैसे बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती) प्रत पाहून. न्हावा शेवाहून दुबईच्या जबेल अली बंदराला जहाज आठवड्याच्या आत लागतं, बँकेतून कागद मागाहून पोचतात. मग डिमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचं भाडं) चढतंय म्हणून खरेदीदाराचा फोन येतो आणि लोक पैसे न घेताच माल सोडायला सांगतात. फसवणूक बहुतेक तिथेच होते. पुढे उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसीकडून (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) त्या खरेदीदाराची मर्यादा आधी मंजूर करून घ्या.

कळमना_लॅब
सगळ्यात आधी सांगायची गोष्ट कोणी बोललंच नाही. सावजी मसाल्यात खसखस आहे का? यूएईत खसखशीवर बंदी आहे, थोडीशीही चालत नाही, लोक तुरुंगात गेले आहेत. नुसती कृतीतून काढून भागत नाही. त्याच चक्कीत आधी खसखस दळली असेल तर दाणे जाळीत आणि पट्ट्याच्या खोबणीत अडकून राहतात. निर्यातीचा माल वेगळ्या चक्कीवर दळा.

पाकिटावर अरबी मजकूर लागतो. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख छापलेलीच हवी, वरून चिकटवलेली नको. लेबलची मंजुरी आयातदाराकडून करून घ्या, मगच पाऊच छापा. मिरचीच्या प्रत्येक लॉटची अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) आणि सुदान रंगाची (भेसळीचा लाल रंग) चाचणी करा, नमुना सील करून ठेवा. तक्रार आली तर कोणाचा लॉट, ते त्यावरूनच ठरेल.

बुटीबोरी_मसाले
खसखस आहे! ती काढली तर रश्श्याला दाटपणा कसा येईल?

कळमना_लॅब
टरबुजाचा मगज भाजून घाला. काजू किंवा तीळ घातले तर दाटपणा येतो, पण दोन्ही ॲलर्जन (ॲलर्जी करणारे घटक) म्हणून लेबलवर लिहावे लागतील. आधी ५ किलोचा घाणा काढून बघा. मगजाचं तेल सुटतं, त्यामुळे मसाला लवकर खवट होतो. मुदत किती छापायची ते टिकाऊपणाच्या चाचणीनंतरच ठरवा.