नेक लिफ्ट (मानेची सैल कातडी घट्ट करायचं ऑपरेशन) केलेलं कोणी आहे का इथे? खरंखरं सांगा

मीनू५४: वजन १८ किलो उतरवलं, सगळे कौतुक करतात, पण मान बघितली की मूड जातो. हनुवटीखाली कातडी लोंबते आणि बोलताना दोन दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात. डॉक्टर म्हणाले कातडीच सैल पडलीये त्यामुळे नुसत्या लायपोसक्शनने (नळीने चरबी ओढून काढतात ते) भागणार नाही, नेक लिफ्ट करावं लागेल. दुखतं का खूप? व्रण दिसतात का? महिन्याभराने घरात कार्यक्रम आहे, तोवर माणसात येईन ना?

सायली_के: ताई मी केलंय, दीड वर्ष झालं. दुखण्यापेक्षा आवळल्यासारखं जास्त वाटतं, कोणीतरी गळ्याला घट्ट मफलर बांधून ठेवलाय असं. हनुवटीखाली एक छोटा काप आणि कानांमागे दोन, आतला स्नायू शिवून घट्ट करतात मग जास्तीची कातडी कापतात. मला एक दिवस ड्रेनची नळी होती, आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढायला, वरून पट्टा, झोपायचं उशा लावून डोकं वर ठेवून. तिसऱ्या दिवशी आरशात बघितलं आणि रडले, चेहरा फुगलेला, मान काळीनिळी, वाटलं हे काय करून बसलो आपण! दोन आठवड्यांनी मेकअप करून बाहेर पडले. पण हनुवटीखाली गाठी लागत होत्या आणि कानाची पाळी चार महिने बधिर, कानातलं घालताना कळायचंच नाही कुठे टोचतंय. व्रण आधी लाल असतात, फिके पडायला वर्षभर जातं. महिन्याने फोटोत चालून जाईल, पण जरा सूज असेलच.

निळूभाऊ: आडव्या रेषा जातील या आशेवर राहू नका. बायकोच्या दोऱ्या गेल्या, रेषा आहेत तिथेच.

वॉर्डातली: मी नर्स आहे, ऑपरेशननंतरचे पेशंट बघते. खरी भीती पहिल्या २४ तासांची, आत रक्त साकळतं. मान एकाच बाजूला अचानक फुगली, दुखणं वाढलं, श्वास घ्यायला जड वाटलं तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा. बीपी जास्त असेल तर हा धोका वाढतो. सिगारेट, तंबाखू असेल तर निदान महिनाभर आधीपासून बंद, नाहीतर कातडीला रक्त पुरत नाही आणि कानामागे जखम काळी पडते, मी बघितलंय, भरायला फार वेळ घेते. ॲस्पिरिन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई जे काय घेत असाल ते सगळं डॉक्टरांना सांगा, लपवू नका. पण कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि हो, मान नीट वळेपर्यंत गाडी नाही चालवायची.

सायली_के: +१, ओठांचं राहिलंच. माझा खालचा ओठ हसताना एका बाजूला कमी उतरायचा, नस दुखावली होती, दोनेक महिन्यांत आपोआप सुधारलं.

मीनू५४: बापरे, बीपीची गोळी चालू आहे माझी आणि फॉर्ममध्ये मी ते लिहिलंच नाही, म्हटलं कंट्रोलमध्ये आहे तर काय सांगायचं. उद्या सकाळीच फोन करते. तारीख पण कार्यक्रमानंतरचीच मागते.