मदत हवी आहे: वाचनालयातून आणलेली पुस्तकं अर्धवट राहून परत जातात

पानगळ
सुट्टी लागल्यापासून लेकीसाठी वाचनालयातून पुस्तकं आणतेय. एका वेळी चार मिळतात. ती उत्साहाने उघडते, दहा-पंधरा पानं होतात आणि पुस्तक पालथं पडतं ते पडतंच. या वेळी मुदतही वाढवून मिळाली नाही, दुसऱ्या कुणीतरी मागणी नोंदवलीय. शनिवारी सगळी परत द्यायचीत. पुढची खेप आणायच्या आत उपाय हवाय. मोबाइल काढून घ्या हा सल्ला नको, तिच्याकडे तो नाहीच. विकत घ्या असंही कृपया सांगू नका.

बोरू
वय? पुस्तकं कसली? निवडतं कोण?

अनवट
वय काहीही असो, रोज ठरलेल्या वेळी बसवा. आमच्याकडे दुपारी अर्धा तास घरातले सगळेच वाचतात. आणि हातातलं संपल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही. धरसोडीची सवय लागली की जात नाही.

चष्मेवाली
अनवट, ठाम असहमत. नाही आवडलं तर परत करता येतं, हाच तर वाचनालयाचा फायदा. आणि निवड मुलीलाच करू द्या. वाचनावर संशोधन करणारे रिचर्ड ॲलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत फ्लॉरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना ओळीने तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यात १२ पुस्तकं दिली, मुलांनी स्वतः निवडलेली. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनाच्या चाचणीत पुढे होती.

अनवट
ती पुस्तकं त्या मुलांना कायमची दिली होती. परत करायची नव्हती. इथे प्रश्नच मुदतीचा आहे.

चष्मेवाली
म्हणून निवडीचा मुद्दा खोटा ठरत नाही.

निळी दौत
पाच बोटांची चाचणी करून बघा. मधलं कुठलंही भरगच्च पान उघडायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पानाच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक एकटीने वाचायला सध्या जड आहे. वाचनालयातच दोन मिनिटांत होतं.

पानगळ
वय नऊ. गोष्टींची पुस्तकं, मीच निवडते, तिच्या वयाला योग्य अशीच. पाच बोटांची चाचणी आत्ताच केली, जेमतेम एक बोट मिटलं. शब्द सगळे येतात तिला! शाळेची पुस्तकं तर भराभर वाचते, म्हणूनच कळत नाहीये.

बोरू
शाळेची भराभर आणि ही नाहीत? भाषा एकच आहे ना?

पानगळ
नाही, शाळेची वेगळी. ही घरच्या भाषेतली आहेत. बोलते अस्खलित, लिपी येते, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

बोरू
मग मेख इथेच आहे. शब्द कानाला ओळखीचा आहे, डोळ्याला नाही. म्हणून चाचणीत उत्तीर्ण होते आणि पंधराव्या पानावर दमते. एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटते, गोष्टीची मजाच जाते. हा आळस नव्हे आणि धरसोडही नव्हे. पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा, तिचं बोट ओळीवरून फिरू द्या. पात्रं, गावं, नावं एकदा डोळ्यांत बसली की पुढचं ती ओढीने वाचेल. आणि चार जाड पुस्तकांऐवजी एकच जाड, बाकी बारीक.

अनवट
हे आधी सांगितलं असतं तर मी संपवायचा आग्रह धरला नसता. अर्ध्या तासाचं मात्र कायम ठेवा, पण सोबत बसून.

चष्मेवाली
आणि शनिवारी तिलाच घेऊन जा. ग्रंथपालांना हे असंच्या असं सांगा. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच नियम मांडले, त्यात 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हा एक आहे. ते शोधून देणं हे ग्रंथपालांचं कामच आहे, संकोच करू नका.

पानगळ
बारीक पुस्तकं 'बाळांची' म्हणून हात लावत नाही. तिथेच गाडी अडते.

बोरू
मग गोष्टी सोडा, माहितीची पुस्तकं घ्या. चित्रं मोठी, मजकूर तुकड्यातुकड्यांत, कुठूनही उघडता येतं आणि दिसायला अजिबात बाळबोध नाहीत. तिला वेड कशाचं आहे?

पानगळ
साप. दिवसभर तेच.

बोरू
तुमच्या वाचनालयात ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन, मांडणी असेल तर सरपटणारे प्राणी ५९७.९ ला. मुलांच्या विभागात हाच क्रमांक शोधा. एखादं पुस्तक दोनदा आणायला मागितलं तर आणू द्या, तेच पुन्हा वाचताना वेग वाढतो.