मॅक्रो चाळीसाव्या ओळीवरच का थांबतो

लासलगावच्या कांदा लिलावाच्या रोजच्या एक्सेल शीटला मॅक्रोने (एकदा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा चालवायच्या कृतींनी) बॉर्डर-रंग देताय, पण आवक वाढली की ४० व्या ओळीखालचं सगळं कोरंच राहतं, असं तुम्ही म्हणताय. मॅक्रो रेकॉर्डर तुम्ही माउसने निवडलेला पट्टा जसाच्या तसा लिहून ठेवतो, दुसरं काही नाही. ऑल्ट-एफ११ दाबून कोड उघडा, तिथे 'ए१ ते एफ४०' दिसेलच. त्याजागी ए१ चा करंटरीजन (ए१ भोवतीचा सलग भरलेला भाग) द्या, म्हणजे डेटा जिथवर सलग आहे तिथवर फॉरमॅट जाईल. रेकॉर्डरचा 'यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस' हा पर्याय चालू करून भागणार नाही. त्याने सुरुवातीची जागा हलते, ओळी तेवढ्याच राहतात. आणि लाल कांदा, उन्हाळ कांदा यांच्यामध्ये रिकामी ओळ सोडायची सवय असेल (आपल्याकडे बहुतेकांना असते), तर मॅक्रो तिथेच अडेल. ती ओळ काढाच.

या चर्चेत वर कुणीतरी पडलेला भाव लाल करायलाही मॅक्रो सुचवलाय. कशाला? ते कंडिशनल फॉरमॅटिंगचं (अटीनुसार रंग देणाऱ्या एक्सेलच्या सोयीचं) काम. आकडा बदलला की रंग आपोआप बदलतो.

हां, मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेडने मागे येता येत नाही. आधी फाइल सेव्ह करा, तीही एक्सएलएसएम म्हणून; साध्या एक्सएलएसएक्समध्ये कोड राहत नाही.